पदरचं काही घालायचं नाही

डर्बीत, पैजांच्या दुकानाच्या वर,
दुसऱ्या मजल्यावर वकीलबाईंची खोली.
जिन्यात ओल्या कोटांचा वास.
मी तासाच्या बोलीवर आलेली दुभाषी,
आणि शेजारी कुमुदिनी तोरस्कर, वय चोपन्न,
गोदामात खोक्यांना पट्टी चिकटवणाऱ्या,
उजवा हात मांडीवर असा ठेवलेला
की जणू तो कुणी सांभाळायला दिलाय.

मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
समोरचा बोलेल तेवढंच.
पदरचं काही घालायचं नाही.

"एक ते दहा," डॉक्टर विटकॉमनी विचारलं, "किती दुखतं?"
बाई माझ्याकडे बघत राहिल्या. दुखण्याला आकडा?
"सकाळी ठणकतं," त्या म्हणाल्या, "दुपारी नुसतं सलतं.
भांडं उचललं की कळ जाते पार करंगळीपर्यंत,
आणि रात्री, कसं सांगू, ठुसठुसतं."
मी ही सगळी ओंजळ घेऊन उभी
आणि पलीकडच्या भाषेत एकच शब्द, पेन,
त्याला मागून जोडायच्या शेपट्या.
डॉक्टरांनी लिहिलं: सहा.

वकीलबाईंकडे एक जाड पुस्तक आहे.
त्यात माणूस सुटा करून ठेवलाय.
खांदा इतके ते इतके,
दोन वर्षांत बरा झाला तर खालच्या ओळीत.
वेणीला ओळ नाही.
"वेणी आता मुलगा घालतो," बाई म्हणाल्या,
"वाकडी घालतो, पण घालतो."
मी शब्दशः सांगितलं.
ते 'घरच्यांची मदत' या सदरात गेलं,
आठवड्याला दीड तास, ताशी नऊ पौंड.
मुलाला कळलं तेव्हा तो दोन दिवस
कंगव्याला शिवला नाही म्हणे.

मग विमा कंपनीचं पत्र.
रॅकचा बोल्ट सैल होता, मान्य.
खोकी कोसळली, मान्य.
पण बाई पिवळ्या रेघेच्या आत उभ्या होत्या,
सबब चार आणे दोष त्यांचा.
शिवाय अपघातानंतर सहाव्या आठवड्यात
दवाखान्याच्या दप्तरी नोंद आहे:
'रुग्ण म्हणते, ठीक आहे.'

ती नोंद माझ्या तोंडची.
फोनवर मीच होते त्या दिवशी.
कशा आहात, असं डॉक्टरांनी विचारलं,
आणि बाई म्हणाल्या, "बरं आहे. चाललंय."

आता कुठल्या कोर्टात सांगावं
की आमच्याकडे "बरं आहे" हे
दारी आलेल्यापुढे ठेवायचं पाणी असतं.
ते आधी. दुखणं मागाहून,
तेही दुसऱ्यांदा विचारलं तर.
डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.
मी भर घातली नाही.

त्या दुपारी घातली.
वकीलबाईंना म्हटलं, थांबा, हे माझं, माझ्या पदरचं, लिहून घ्या.
त्यांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.
"मग या दाव्यात तुम्ही साक्षीदार.
दुभाषी दुसरी बघावी लागेल."
बाई विचारत होत्या, काय झालं, काय म्हणतात त्या?
तेवढं शेवटचं भाषांतर मी केलं,
आणि पैजांच्या दुकानावरून बसस्टॉपकडे गेले.

कोर्टापर्यंत गेलंच नाही. अशी बरीचशी जातच नाहीत.
वर्षभराने तडजोड झाली.
रेघेच्या आत उभं राहण्याचे पैसे कापले,
जिंकल्यावर घ्यायचा वकिलाचा हिस्सा कापला,
उरलेला चेक आला.
माझ्या जबाबाने त्यात किती भर पडली
ते मला कुणी कळवलं नाही,
आणि कळवण्याचं कारणही नव्हतं.

परवा बाईंचा फोन आला, असाच.
किती मिळाले, मी विचारलं नाही.
विचारलं, "हात कसा आहे?"
"बरं आहे," त्या म्हणाल्या. "चाललंय."

मी दुसऱ्यांदा विचारलं.

पलीकडे ओट्यावर भांडं टेकल्याचा आवाज,
बहुतेक डाव्या हाताने,
आणि मग:
"खरं सांगू?"